हौदा कापताना

पावसाळ्यात नागपूरचं मनीषनगर ओलांडून बेसाच्या दिशेनं गेलं, की डांबराच्या कडेला लागूनच काळी माती सुरू होते. ही माती पाणी प्यायली की फुगते, चाकाला धरते. विटा भरलेला ट्रक नव्या प्लॉटवर उतरला आणि त्याचं मागचं चाक जागच्या जागी फिरू लागलं, की दर फेऱ्याला तो खाली जातो. शेवटी आस मातीला टेकतो. मग ठेकेदार फोन लावतो. येणारी गाडी लांबूनच ओळखू येते. तोंड चपटं, केबिन उंच. मागची चाकं नेहमीच्या ट्रकसारखी जोडीजोडीनं नाहीत. एकेकटी, पुढच्यांएवढीच मोठी. पाठीमागे जिथे हौदा असायचा तिथे आखूड लोखंडी पाठ, त्यावर तिरपा बूम, वायररोप आणि आकडा. पुढच्या बंपरवर लोखंडाचे जाड ठोकळे वेल्ड केलेले. आसपासचे लोक तिला ‘मिलिटरीवाली’ म्हणतात.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘दुसरी पाळी’ हा विषय दिला, तेव्हा या गाडीच्या मागोमाग जायचं मी ठरवलं. फौजेतून बाद झालेला ट्रक बाहेर येतो, त्याचा हौदा कापला जातो किंवा पार बदलला जातो, आणि तो पुन्हा कामाला लागतो. हे काम करणारे हात आता कमी होत चालले आहेत. त्यांच्याकडचं ज्ञान फार मोलाचं आहे आणि त्यांच्यापैकी कुणी ते लिहून ठेवलेलं नाही.

पांढरा गोल

मनीषनगरात फौजेतून निवृत्त झालेल्यांची घरं बरीच आहेत. त्यातले एक सुभेदार काका. गल्लीत लहानथोर त्यांना याच नावानं हाक मारतात. ते ईएमईत होते. ईएमई म्हणजे १५ ऑक्टोबर १९४३ रोजी उभं राहिलेलं लष्कराचं यांत्रिकी दल, रणगाड्यापासून वायरलेसपर्यंत बिघडलेलं सगळं दुरुस्त करणारं. ‘मिलिटरीवाली’ गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली, की काका हमखास तिच्याजवळ जातात. त्यांनी मला गाडीच्या मागे वाकायला लावलं.

“तो गोल दिसतो का?”

मागच्या आसाच्या मधोमध डिफरन्शियलचं फुगीर घर असतं. त्यावरच्या ग्रीस आणि चिखलाच्या थरातून पांढऱ्या रंगाची एक कड डोकावत होती. काकांनी फडक्यानं पुसलं, तसा वाटीएवढा पांढरा भाग मोकळा झाला.

“रात्री काफिला दिवे बंद करून चालते. हौद्याखाली एक बारीक बल्ब राहते, त्याचा उजेड फक्त या पांढऱ्यावर पडते. मागच्या ड्रायव्हरनं त्याच्याकडे पाहत अंतर धरायचं. वरून विमानातून काही दिसत नाही.”

समोरच्या बाजूला एक गोल चकती असायची, पिवळ्या जमिनीवर काळा आकडा. तो गाडीचा भारवर्ग. लष्करी पुलालाही असाच आकडा असतो. पुलाचा आकडा गाडीच्या आकड्याहून लहान असेल, तर ड्रायव्हरनं थांबायचं. हौद्यातही सगळं फौजेच्या सोयीचं. दोन्ही बाजूंना घडी होणारी बाकं, ताडपत्रीसाठी लोखंडी कमानी, पडणारा फाळका, मागे ओढकामाचा हुक. त्याच हौद्यातून सकाळी जवान जातात, दुपारी रेशन, संध्याकाळी दारूगोळा. फौजेला एका गाडीकडून दहा कामं हवी असतात. बाहेर ती विकत घेणाऱ्याला एकच काम हवं असतं, आणि म्हणून सगळ्यात आधी हौद्यावर कटर चालतो.

युद्ध संपलं, ट्रक उरले

ही परंपरा दुसऱ्या महायुद्धापासूनची. युद्धकाळात कॅनडानं आठ लाखांहून अधिक लष्करी वाहनं तयार केली. त्यातले शेवरोले आणि फोर्डचे आखूड नाकाचे ट्रक मोठ्या संख्येनं हिंदुस्थानात आले, कित्येक सुट्या भागांच्या पेट्यांतून. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून होताच. युद्धात तिथे लष्करी ट्रक जोडले जात. या कॅनेडियन ट्रकच्या शेवटच्या केबिनची समोरची काच खालच्या बाजूला आत झुकलेली असे. कारण तेच, वरच्या विमानाला काचेची चमक दिसू नये. आसामातून ब्रह्मदेशाकडे जाणाऱ्या लेडो रस्त्यावर अमेरिकेच्या सहाचाकी जीएमसी गाड्या धावत होत्या.

युद्ध संपलं आणि हे सगळं इथेच राहिलं. १९४६ च्या करारानं अमेरिकेचं हिंदुस्थानातलं उरलेलं सामान सरकारच्या ताब्यात आलं आणि विक्रीला निघालं. त्या वेळी नवा ट्रक म्हणजे आयातीची गोष्ट होती. टाटांचा मर्सिडीज ट्रक जमशेदपूरहून बाहेर पडायला १९५४ उजाडलं. मधल्या वर्षांत मालवाहतुकीची भूक या शिल्लक गाड्यांनी भागवली. मलबार आणि कोडगूच्या डोंगरात लाकूड ओढायला त्याच गेल्या. पेट्रोलचं इंजिन परवडेना, तेव्हा त्यात मद्रासच्या सिम्प्सनची पर्किन्स डिझेल इंजिनं बसली. देशभर त्यांच्या क्रेन झाल्या. फिलिपिन्समध्ये याच्या उलट झालं. तिथल्या लोकांनी अमेरिकी जीप मागे लांबवल्या, दोन्ही बाजूंना बाकं टाकली आणि त्यातून जीपनी नावाची सार्वजनिक गाडी उभी राहिली.

आपली स्वतःची लष्करी गाडी आली ती १९५९ मध्ये. नागपूरहून पावणेतीनशे किलोमीटरच्या आत, जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यानं शक्तिमान ट्रक बनू लागला. पुढे त्याच शहरात व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली आणि १९९६ पर्यंत शक्तिमान बनत राहिला. त्याची क्षमता दोन आकड्यांत सांगत: पक्क्या रस्त्यावर पाच टन, रानातून तीन टन. त्यानंतर आले अशोक लेलँडचा स्टॅलियन आणि टाटांचा अडीच टनी एलपीटीए. स्टॅलियनलाही दोन आकडे आहेत, पाच आणि साडेसात. हे दोन आकडे लक्षात ठेवायला हवेत, पुढे त्यांच्यावर बरंच काही अवलंबून आहे.

जशी आहे, जिथे आहे

गाडीचं वय झालं, दुरुस्तीचा खर्च परवडेना, की फौज तिला पाचव्या वर्गात टाकते. जवानांच्या तोंडी ‘क्लास फाइव्ह’, बाहेरच्यांच्या तोंडी ‘कंडम’. नंतर लिलाव. १९६४ मध्ये स्थापन झालेली एमएसटीसी ही सरकारी कंपनी आता हे लिलाव संगणकावरून करते. घेणाऱ्यानं गाडी जशी आहे, जिथे आहे तशी उचलायची. बॅटरी असेल किंवा नसेल, टायर चारही असतील किंवा दोन. बहुतेक माल भंगारवाले घेतात आणि तोडतात. निम्मं अंग गंजलेलं पण चासी सरळ, इंजिन फिरतं आणि चारही चाकांना जोर देणारा ट्रान्सफर केस शाबूत, अशी एखादी गाडी वेगळी काढली जाते. तीच मिस्त्रीकडे येते.

“वजन कुठं पडते, थे पाहा”

भंडारा रोडला बॉडीच्या कामाची अनेक शेड आहेत. त्यातल्या एकात एक स्टॅलियन उभा होता. हौदा उतरवायचं काम चालू होतं. यू-बोल्टचे नट गंजून एकजीव झालेले. गॅसच्या ज्योतीनं ते लालभडक तापवायचे, मग पान्याला लांब पाइप जोडून दोघांनी जोर लावायचा. शेवटचा बोल्ट सुटला, चेन-पुलीनं हौदा चार बोटं उचलला गेला आणि मिस्त्रीनं सगळ्यांना थांबवलं. खाली वाकून चासीवर हात फिरवला. हौदा वर्षानुवर्षं जिथे टेकला होता तिथे पाणी साचतं, आणि चासी सडते ती तिथेच. हातोडीनं ठोकत तो पुढून मागे गेला. चांगल्या पोलादाचा आवाज खणखणीत येतो, सडलेल्याचा बद्द.

“हौदा कापनं काही मोठी गोष्ट नाही, भाऊ,” तो म्हणाला. “कटर कोनीबी चालवते. वजन कुठं पडते, थे पाहा लागते.”

त्याचं म्हणणं आकड्यांत मांडता येतं. समजा, पुढच्या आणि मागच्या आसांत चार मीटर अंतर आहे. तीन टनांचा बोजा मागच्या आसाच्या एक मीटर पुढे बसवला, तर पाऊण टन पुढच्या चाकांवर जातो आणि सव्वादोन टन मागच्यांवर. तोच बोजा मागच्या आसाच्या अर्धा मीटर मागे सरकला, तर पुढच्या चाकांवर भर पडायची सोडून तिथला पावणेचारशे किलोंचा भार उलट उचलला जातो. स्टीअरिंग हलकं लागतं. ड्रायव्हरला वाटतं गाडी छान वळते आहे. प्रत्यक्षात पुढच्या चाकांची रस्त्यावरची पकड सुटत चाललेली असते आणि ओल्या उतारावर ब्रेक दाबला की ते कळतं.

क्रेनचा हौदा आखूड का करतात, याचंही उत्तर इथेच आहे. दोन टनांचं वजन मागच्या आसापासून दोन मीटर मागे टांगलं, तर पुढून एक टन उचलला जातो. चासीची शेपटी कापून आकडा एक मीटरवर आणला, की तोच परिणाम अर्ध्या टनावर येतो. उरलेल्यासाठी बंपरवर लोखंडाचे ठोकळे. हे सगळं जत्रेतल्या सी-सॉसारखं आहे. मधला टेकू म्हणजे मागचा आस. केंद्रीय मोटार वाहन नियमांतही हाच हिशेब दडलेला आहे. मागच्या आसापलीकडे लोंबणारा भाग दोन्ही आसांमधल्या अंतराच्या साठ टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. चार मीटरला म्हणजे दोन मीटर चाळीस सेंटिमीटर.

शेपटी कापायची तर आणखी एक पथ्य. चासी म्हणजे दोन लांब चॅनेल आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. अगदी शेवटची आडवी पट्टी कापलेल्या तुकड्याबरोबर जाते, ओढकामाचा हुकही तिच्यावरच असतो. ती काढून नव्या टोकाला पुन्हा बसवली नाही, तर दोन्ही चॅनेलची टोकं मोकळी राहतात, खड्ड्याखड्ड्याला वेगवेगळी हलतात. मिस्त्री कापायच्या आधी खडूनं दोन्ही बाजूंना खुणा करतो, मग सूत घेऊन या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिरपं माप घेतो आणि मग उलट दिशेनं. दोन्ही तिरपी मापं जुळली तर चासी काटकोनात. जुळली नाहीत, तर गाडीला आधी कधीतरी मार बसलेला आहे आणि तिच्यावर पुढचं काम करायचं नाही.

अमेरिकेत हेच काम हौसेनं केलं जातं. तिथल्या लष्कराचा अडीच टनी एम-३५ हा सहाचाकी ट्रक घेऊन त्याचा मागचा एक आस काढतात, चासी आणि बारा फुटी हौदा आखूड करतात. काही जण लष्करी ट्रेलरचा लहान हौदाच वर चढवतात. आपल्याकडे हौसेला वाव कमी. इथे गाडीनं पहिल्या महिन्यापासून कमावलं पाहिजे.

पिळणारी चासी

रानात चालायला केलेल्या ट्रकची चासी मुद्दाम लवचीक ठेवलेली असते. एक चाक दगडावर, दुसरं खड्ड्यात, तरी चारही चाकं जमिनीला लागली पाहिजेत. म्हणून चासी पिळते. फौजेचा मूळ हौदा या पिळण्याला जागा देतो. अशा चासीवर पोलादाची ताठ पेटी किंवा टाकी गच्च आवळून बसवली, की दोघांची झटापट सुरू होते. चासीला पिळायचं असतं, टाकी पिळू देत नाही. काही महिन्यांत बोल्टच्या भोकाशी केसासारखी भेग पडते.

म्हणून टाकी थेट चासीवर बसत नाही. मध्ये वेगळी चौकट येते. ती मागच्या आसाजवळ घट्ट धरायची आणि पुढच्या टोकाला स्प्रिंगवर ठेवायची, म्हणजे चासी पिळली तरी पुढचं टोक थोडं उचलतं आणि परत बसतं. चासी आणि चौकट यांच्यामध्ये लाकडाची पट्टी. भोकं पाडायची तर चॅनेलच्या उभ्या बाजूला. वरच्या-खालच्या आडव्या पाळीला ड्रिल लावायचं नाही, कारण सगळा ताण त्या पाळ्याच वाहतात. जोडपट्टीची टोकं सरळ न कापता तिरपी कापायची, म्हणजे ताण एका रेषेवर साचत नाही. आणि वेल्डिंगला हात घालण्याआधी बॅटरीची तार काढायची.

सुभेदार काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले. वर्कशॉपमध्ये त्यांना हेच शिकवलं होतं, पुस्तकातून, आकृत्या काढून. भंडारा रोडवरच्या मिस्त्रीला ते त्याच्या उस्तादानं शिकवलं, तुटलेल्या चासी दाखवून. दोघं एकमेकांना ओळखत नाहीत, तरी दोघांचे नियम जवळजवळ अक्षरशः सारखे आहेत. आयटीआयच्या पोरांना वेल्डिंग येतं, इंजिन येतं. पण चासीवर नवी बॉडी चढवताना वजन कसं मोजायचं, हे शिकवणारा माणूस त्यांना भेटला पाहिजे. अशी माणसं नागपुरातच आहेत, आणि ती म्हातारी होत आहेत.

हौदा बदलण्याचं काम मोठ्या प्रमाणावर आणि नीट करून दाखवलं ते आपल्या एसटीनं. दापोडी, चिकलठाणा आणि आमच्या नागपूरजवळचं हिंगणा इथे महामंडळाच्या कार्यशाळा आहेत. २०२० च्या टाळेबंदीत प्रवासी थांबले, तेव्हा जुन्या बसच्या वरचा सांगाडा उतरवून त्याच चासींचे मालट्रक केले गेले. कोकणातला आंबा मुंबईला पोचवून त्या सेवेची सुरुवात झाली. चासी चांगली असेल तर वरचं अंग बदलून गाडीला पुन्हा कमाईवर आणता येतं, ते असं. फक्त तिथे अभियंता असतो, नकाशा असतो आणि तपासणीचा कागद असतो.

पाणी

शेडमधल्या स्टॅलियनच्या मालकाला टँकर करायचा होता. बेसा-बेलतरोडीच्या बाजूला उन्हाळ्यात टँकरला मरण नाही, आणि कच्च्या रस्त्यावर न फसणारा टँकर म्हणजे भाड्याची खात्री. त्याला आठ हजार लिटरची टाकी हवी होती.

मिस्त्रीनं नकार दिला.

एक हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. आठ हजार लिटर म्हणजे आठ टन, त्यावर टाकीच्या पोलादाचं वजन वेगळं. हा ट्रक पक्क्या रस्त्यावर साडेसात टनांचा आणि रानात पाच टनांचा. टँकर जाणार कुठे? काळ्या मातीत. मग हिशेब पाचाचाच धरायचा, आणि टाकीचं वजन वजा जाता साधारण चार हजार लिटर उरतात. शिवाय पाणी एका जागी बसत नाही. अर्धी भरलेली टाकी वळणावर गेली, की सगळं पाणी एका बाजूला धावतं आणि गाडीला ढकलतं. ब्रेक लावला की पुढे येऊन आदळतं. हा धक्का तोडायला टाकीत आडवे पडदे हवेत, प्रत्येकाला तळाशी आणि वर भोकं, म्हणजे पाणी जाईल पण धावणार नाही. पडद्यांचा खर्च वाचवणारे ठेकेदार असतात. त्यांच्या टाक्या बाहेरून अगदी तशाच दिसतात. रस्त्यावरून शाळेची पोरं जातात, त्यांना आत पडदा आहे की नाही हे कळायचा मार्ग नाही. या एका गोष्टीचा मला राग येतो, आणि तो लपवायचं कारण दिसत नाही.

मालक भांडला, गेला, पुन्हा आला. साडेचार हजार मागितले. मिस्त्री चारवरच राहिला.

“गाडी उलटली त माह्यं नाव घेतीन लोकं. त्याचं नाही.”

फॉर्म २१

फौजेच्या गाडीच्या पाटीवर वर तोंड केलेला बाण असतो, त्यानंतर वर्षाचे दोन आकडे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० नं तिची नोंद संरक्षण खात्याकडे असते, आरटीओकडे नाही. ती सरकारच्या मालकीतून बाहेर पडली, की तिला कुणाही नागरिकाच्या गाडीसारखी नोंदणी लागते. त्यासाठी लष्करी अधिकाऱ्यानं दिलेला विक्रीचा दाखला हवा, तोच फॉर्म २१. तो हरवला तर चासी कितीही सरळ असू द्या, एमएच ३१, ४० किंवा ४९ यातली कुठलीच पाटी तिला लागत नाही.

पाटीबरोबर रंगही उतरवावा लागतो. ऑलिव्ह हिरवा रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना, असा नियम आहे. म्हणून शेडमध्ये गाडी शिरली, की घासकामाला एक पोरगा लागतो. स्टॅलियनच्या दाराच्या आतल्या कडेला त्यानं पॉलिश पेपर फिरवला, तेव्हा हिरव्याखाली आणखी एक हिरवा थर निघाला, थोडा फिका. त्याखाली लाल प्राइमर. दाराच्या बिजागरीत तो हिरवा कायम राहतो. तिथे कागद पोचत नाही.

खरी अडचण बदलाची आहे. कलम ५२ प्रमाणे गाडी कंपनीनं ठरवलेल्या मूळ नमुन्यापेक्षा वेगळी करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही मर्यादा आणखी स्पष्ट केली. नव्या बॉडीच्या नमुन्याला मान्यता देणाऱ्या संस्था महाराष्ट्रातच आहेत: पुण्यात एआरएआय, आणि अहिल्यानगरला व्हीआरडीई, जी मुळात लष्कराच्याच गाड्यांची चाचणी करणारी डीआरडीओची प्रयोगशाळा. पण एका जुन्या ट्रकसाठी तिथवर जाणं छोट्या मालकाला झेपत नाही. मग काही गाड्या कागदावर एक आणि रस्त्यावर दुसऱ्या असतात. अशा गाडीला अपघात झाला, की विमा कंपनी सगळ्यात आधी हा फरक शोधते. त्यातच १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी संपते आणि त्या अधिकृत भंगार केंद्रात जातात. संरक्षणाच्या कामातल्या चिलखती आणि विशेष गाड्या त्यातून वगळल्या आहेत. प्रदूषण आणि सुरक्षिततेच्या दृष्टीनं हे धोरण मला योग्य वाटतं. शेडमध्ये येणाऱ्या गाड्या मात्र आणखी कमी होणार, हे मिस्त्रीही धरून चालला आहे. त्याचा मुलगा आता बंद बॉडीच्या नव्या मालगाड्यांचं काम घेतो.

उतरलेला हौदा

टाकीची चौकट तयार होत असताना स्टॅलियनचा मूळ हौदा शेडच्या मागे, चार विटांवर ठेवलेला होता. त्याला गिऱ्हाईक आधीच ठरलेलं. कमानी एका रोपवाटिकेनं नेल्या; त्यांच्यावर हिरवी जाळी टाकली की मांडव तयार. बाकांच्या फळ्या शेडमध्येच राहिल्या, कामगार जेवायला त्यांवर बसतात. तळाचा पत्रा जाड आणि नक्षीचा, त्याचे तुकडे दुसऱ्या ट्रकच्या पायदानाला गेले.

फाळका मागितला तो हिंगण्याकडच्या एका शेतकऱ्यानं, आपल्या ट्रॅक्टरच्या जुन्या ट्रॉलीला लावायला. फौजेचा फाळका पूर्ण खाली पडतो आणि दोन्ही बाजूंच्या साखळ्या त्याला आडवा तोलून धरतात. कापसाचे बोंदरे ओढून आत घ्यायला एवढी सोय दुसऱ्या कशात नाही. साखळी आणि बिजागरीच्या पिना मूळच्याच हव्यात, अशी त्याची अट आहे. ट्रॉली फाळक्यापेक्षा अरुंद आहे, म्हणून फाळका दोन्हीकडून सारखा कापावा लागेल आणि साखळीचे कान आत सरकवावे लागतील. दसऱ्यानंतर कापूस वेचायला येतो, तेव्हा मिस्त्रीनं हे काम टँकरच्या आधी धरलं आहे.